फोटो ‘वर’ जातात म्हणजे कुठं जातात?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

धार काढून झाली असेल, चुलीवर कालवण ठेवून बसला असाल. आज मी तुम्हाला माझी स्वतःची एक चूक सांगणार आहे. चूक फोनवर झाली, पण भोगली आमच्या अख्ख्या गटानं.

आमच्या गटाच्या सचिव काकींना मीच एक सवय लावली होती. बैठक झाली की हिशोब वहीच्या आणि इतिवृत्ताच्या पानाचा फोटो काढायचा. वही हरवली, फाटली, उंदरानं कुरतडली तरी फोटो राहील. काकींनी ते नेमानं केलं. मार्च महिन्यात त्या फोन घेऊन माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, “अगं ताई, फोन म्हणतोय जागा नाही. ग्रुपवरचा फोटो बी उघडंना.”

मी फोन घेतला. फोटोंच्या ॲपमध्ये बघितलं तर सगळ्या फोटोंचा बॅकअप झालेला. मी मोठ्या ऐटीत म्हणाले, “काकी, हे सगळं वर गेलंय. आता खालचे काढून टाकू.” काकी म्हणाल्या, “वर गेलं म्हंजी गेलंच की गं!” सगळ्या हसलो. आणि मी तिथंच बसून वहीच्या पानांचे, कुणाच्या बारशाचे, शेळीच्या पिल्लांचे, असे चारेकशे फोटो निवडले आणि हटवा म्हटलं. फोन हलका झाला. चहा झाला.

जुलैमध्ये काकींच्या घराचा पत्रा गळला. पेटीत ठेवलेली वही भिजली आणि शाई पानभर पसरली. मी म्हटलं, काकी घाबरू नका, फोटो आहेत. फोन उघडला. बारशाचे नाहीत, शेळीचे नाहीत, वहीचं एक पान नाही. काकींचंच खरं ठरलं होतं. वर गेलं म्हणजे गेलंच होतं.

आठ महिन्यांचा हिशोब होता तो. मग आम्ही दहा जणींची वैयक्तिक पासबुकं गोळा केली, बँकेचा उतारा आणला आणि तीन दुपारी बसून वही परत लिहिली. पण दोघींनी पासबुकावर नोंदी करून घेतल्या नव्हत्या. त्यातली एक म्हणत होती, मी कर्जाचे बाराशे रुपये भरलेत. बँकेच्या उताऱ्यात गटानं भरलेली एकूण रक्कम दिसते, कोणी किती दिले ते दिसत नाही. ते फक्त वहीला ठाऊक होतं.

ही चूक का झाली, ते नीट समजून घेऊ. कारण ‘फोटो वर आहेत, खालचे काढा’ असं सांगणारी मी एकटी नाही. कॉलेजात जाणारी पोरं, दुकानातला मुलगा, सगळे हेच सांगतात.

पहिली गोष्ट, ‘वर’ म्हणजे आभाळात नाही. क्लाउड हे नुसतं नाव आहे. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतला दुसऱ्याचा संगणक. मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात, त्यांना सतत वीज लागते आणि थंडावा लागतो. आपल्या नवी मुंबईत ऐरोली, महापे भागातसुद्धा अशा इमारती आहेत. तुमचा फोटो तिथंच असेल असं नाही, जगात कुठंही असू शकतो. नेट चालू असलं की फोन त्याची एक प्रत तिकडं पाठवतो. इथपर्यंत सगळ्यांना समजतं.

गडबड होते ती पुढं. आपण म्हणतो बॅकअप, आणि फोन करत असतो सिंक. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

बॅकअप म्हणजे वहीची झेरॉक्स काढून माहेरी ठेवली. घरची वही जळाली तरी माहेरची झेरॉक्स शाबूत. घरच्या वहीत तुम्ही एखादी ओळ खोडली, तर माहेरच्या कागदावर ती ओळ तशीच राहते.

सिंक तसं नाही. सिंक म्हणजे एकाच विहिरीवर बसवलेल्या दोन मोटारी. ह्या बाजूनं पाणी उपसलं की त्या बाजूचंही उतरतं, कारण पाणी एकच आहे. तुमचा फोन, तुमचा जुना फोन, मुलाचा लॅपटॉप, ह्या सगळ्या मोटारी. एका ठिकाणी फोटो घातला की सगळीकडं दिसतो, म्हणून आपण खूश होतो. पण एका ठिकाणी हटवला की सगळीकडनं जातो, आणि हे कुणी सांगत नाही. मी काकींच्या फोनमधले फोटो हटवले नव्हते, विहिरीतले हटवले होते.

आता गूगल फोटोजचं नक्की कसं आहे ते सांगते, कारण आपल्यापैकी बहुतेकींच्या फोनमध्ये तेच असतं. बॅकअप झालेला फोटो त्या ॲपमधून हटवला, तर तो फोनमधूनही जातो आणि वरूनही जातो. लगेच नाहीसा होत नाही, आधी कचराटोपलीत पडतो. बॅकअप झालेला असेल तर तिथं ६० दिवस राहतो, बॅकअप झालेला नसेल तर ३० दिवस. तेवढ्या मुदतीत टोपली उघडून तो परत घेता येतो. मुदत संपली की कायमचा गेला. आम्ही मार्चमध्ये हटवले आणि जुलैमध्ये शोधले. मे महिन्यातच बघितलं असतं तर काकींची वही वाचली असती.

मग फोनमधली जागा रिकामी करायची तरी कशी? त्याच ॲपमध्ये वर उजव्या कोपऱ्यात आपल्या खात्याचं गोल चिन्ह असतं. ते दाबलं की ‘या डिव्हाइसवरील जागा मोकळी करा’ अशा अर्थाचं बटण सापडतं. प्रत्येक फोनवर शब्द थोडे वेगळे असतील. ते बटण फक्त फोनमधली प्रत काढतं, वरची ठेवतं. म्हणजे कचऱ्याच्या डब्याचं चित्र दाबलं की दोन्हीकडचं जातं, आणि ‘जागा मोकळी करा’ दाबलं की फक्त खालचं जातं. दोन बटणांत एवढा फरक, आणि पडद्यावर दोन्ही सारखीच साधी दिसतात. माझ्या मते हा दोष शिकणारीचा नाही. घराच्या मागच्या दाराला आणि विहिरीच्या तोंडाला एकसारखी कडी लावली, तर कुणी आत पडली म्हणून तिला वेडी म्हणणार का?

दुसरी गंमत ऐका. गंमत म्हणते, पण डोकेदुखीच आहे. बॅकअप चालू आहे असं फोन दाखवतो आणि प्रत्यक्षात काहीच वर गेलेलं नसतं. कारण बॅकअप बहुधा वायफायची वाट बघत बसतो. शहरात घरोघरी वायफाय असतं, आपल्याकडं कुठलं? आपण रिचार्जचं नेट वापरतो. त्यामुळं कित्येकींचे फोटो महिनोन् महिने ‘वायफायची प्रतीक्षा करत आहे’ असं म्हणत खालीच पडलेले असतात. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन मोबाइल डेटा वापरायची परवानगी द्यावी लागते. किती डेटा वापरायचा ती मर्यादाही घालता येते. मी बायांना सांगते, रोजचं नेट रात्री उरलेलं असतं, झोपताना फोन चार्जिंगला लावा आणि तेव्हा जाऊ दे. व्हॉट्सॲपच्या बॅकअपचंही असंच. तिथंही वायफाय की मोबाइल डेटा, हे आपण निवडायचं असतं.

आणखी एक. वहीचा फोटो तुम्ही स्वतःच्या कॅमेऱ्यानं काढला तर तो बॅकअपमध्ये जातो. पण दुसरीनं काढून व्हॉट्सॲपवर पाठवला, तर तो फोनमध्ये वेगळ्या कप्प्यात बसतो. त्या कप्प्याचा बॅकअप आपोआप होत नाही, तो मुद्दाम चालू करावा लागतो. ग्रुपवर टाकलंय म्हणजे जपलंय, असं धरून चालू नका.

जागेचं थोडक्यात सांगते. गूगलच्या एका खात्याला १५ जीबी जागा फुकट मिळते. त्यातच ईमेल, फोटो, कागदपत्रं सगळं आलं. पूर्वी जरा कमी दर्जाचे फोटो त्या हिशोबात धरत नव्हते. १ जून २०२१ पासून तेही धरतात. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही आधी धरत नव्हते, आता धरतात. म्हणजे रोज सकाळी येणारी फुलांची आणि देवाची चित्रं तुमच्या वहीच्या पानाची जागा खातात. व्हिडिओ तर फारच खातो. बारशातल्या नाचाच्या एका मिनिटाला शंभरेक एमबी सहज लागतात. १५ जीबी भरली की बॅकअप थांबतो आणि त्या खात्यावर ईमेल येणंही बंद होतं. ज्यांच्या गटाला बँकेचे ईमेल येतात त्यांनी हे लक्षात ठेवा. मुलानं दिलेला आयफोन कुणाकडं असेल तर तिथं आयक्लाउडची फुकट जागा फक्त ५ जीबी आहे, आणि हटवण्याची गोष्ट तिथंही विहिरीसारखीच.

आता नंबरांकडं येते. माझ्या चुलत जावेनं तिच्या फोनमधले नको ते नंबर काढायला घेतले. कूपनलिकेवाला, मंडपवाला, कुठल्या कुठल्या आत्या. दुसऱ्या दिवशी सासूबाई ओरडायला लागल्या, माझ्या भावाचा नंबर कुठं गेला? झालं होतं असं की दोघींच्या फोनला एकच गूगल खातं होतं. दुकानात फोन घेतला तेव्हा दुकानदारानं विचारलं, खातं आहे का? त्यांनी सासूबाईंचंच घातलं. म्हणजे परत एक विहीर, दोन मोटारी. नशीब, लगेच लक्षात आलं. गूगलच्या कॉन्टॅक्ट ॲपमध्येही कचराटोपली असते, हटवलेले नंबर तिथं ३० दिवस राहतात. सासूबाईंचा भाऊ सापडला. घरातलं बोलणं दोन दिवसांनी सुरू झालं.

नवा नंबर जपताना फोन विचारतो, कुठं ठेवू? सिममध्ये, फोनमध्ये की गूगल खात्यात? आपण दिसेल ते दाबतो. सिममधला नंबर सिमबरोबर जातो, फोनमधला फोन फुटला की जातो, खात्यातला नव्या फोनवर येतो. पण खातं आपलं असेल तर.

आणि इथंच खरी मेख आहे. खातं आपलं असतं का?

तुमच्यापैकी किती जणींना आपल्या फोनमधल्या खात्याचा पासवर्ड माहीत आहे? बैठकीत विचारलं तेव्हा बारा जणींत दोघींनी हात वर केला, आणि त्यातल्या एकीला मुलाला फोन करून विचारावं लागलं. फोन घेताना दुकानदार घाईघाईनं काहीतरी नाव घालून खातं काढून देतो. पासवर्ड त्याच्या डोक्यात किंवा कुणाच्याच नाही. फोन चालू असेपर्यंत काही अडत नाही. फोन पाण्यात पडला, नवा आणला, की तो दुकानदार पुन्हा नवं खातं काढतो. जुन्या खात्यात तुमचे फोटो, नंबर सगळं व्यवस्थित ठेवलेलं असतं आणि तुमच्याकडं किल्ली नसते. दोन वर्षं कुणी त्या खात्यात गेलंच नाही, तर ते खातंच काढून टाकायचा नियम गूगलनं २०२३ मध्ये केला आहे.

म्हणून फोन चालू आहे तोवरच एक काम करा. सेटिंगमध्ये गूगल असं लिहिलेलं असतं, तिथं खात्याचं नाव बघा. ते नाव आणि पासवर्ड कागदावर लिहून रेशन कार्डाबरोबर ठेवा. पासवर्ड लिहून ठेवू नये असं शिकलेली माणसं सांगतात, पण पेटीत कुलपाखाली ठेवलेला कागद विसरलेल्या पासवर्डापेक्षा बरा. पासवर्ड माहीत नसेल तर खात्यातून बाहेर पडायच्या आधीच नवा करून घ्या. आणि खात्याला आपला आत्ताचा, चालू नंबर जोडा. रिचार्ज न केल्यामुळं बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळतो, आणि मग तुमचा ओटीपी त्याच्याकडं जातो.

व्हॉट्सॲपचं वागणं थोडं निराळं आहे. त्यातलं बोलणं तुमच्या फोनमध्येच असतं, बॅकअप मात्र अँड्रॉइड फोनवर गूगल खात्यात जातो. नव्या फोनवर जुनं बोलणं परत आणायचं तर नंबर तोच हवा आणि खातंही तेच हवं. नव्या फोनवर व्हॉट्सॲप चालू होताना विचारतं, बॅकअप सापडलाय, परत आणू का? घाईत ‘वगळा’ दाबलं की ती वेळ गेली. त्यानंतर रिकाम्या व्हॉट्सॲपचा नवा बॅकअप होतो आणि तो जुन्यावर बसतो. सारवलेल्या जमिनीवर पुन्हा सारवण, खालचं दिसत नाही. तेव्हा नवा फोन दुकानात चालू करून घेऊ नका. घरी आणा, जुना फोन शेजारी ठेवा, पोराला बसवा आणि निवांत करा.

आता जे सांगते ते नुसतं हरवण्याचं नाही. एका गावात बैठक संपल्यावर एक वहिनी मागं थांबली. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाली, “ताई, मी माझ्या फोनवर काढलेले फोटो माझ्या दिरांना कसे दिसतात?” तिचा फोन दिरांचा जुना होता. दिरांनी नवा घेतला आणि जुना हिला दिला, पण खातं तेच राहिलं. ती माहेरी गेली, बहिणीबरोबर फोटो काढले, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो काढला, सगळं दिरांच्या फोनवर. दिरांनी काही वाईट केलं होतं असं नाही, त्यांनाही सुरुवातीला कळलं नसेल. पण तिच्या चिठ्ठीवर जे लिहिलं होतं ते तिनं नवऱ्यालासुद्धा अजून सांगितलं नव्हतं.

आपल्याकडं बायकांच्या हातात येणारा फोन बहुतेक वेळा कुणाचा तरी उतरलेलाच असतो. साडी उतरलेली चालते, धुतली की झालं. फोन तसा धुवून घ्यावा लागतो. जुनं खातं काढून, फोन कोरा करून, मग आपलं खातं घालायचं. त्याआधी जुन्या माणसाचं काही राहिलं नाही ना, ते त्याला बघू द्या. आपल्या खात्यावर कोणकोणते फोन चालू आहेत, ते खात्याच्या सुरक्षेच्या पानावर दिसतं. ओळखीचा नसलेला फोन दिसला तर तिथूनच त्याला बाहेर काढता येतं आणि मग पासवर्ड बदलायचा. व्हॉट्सॲपमध्येही ‘लिंक केलेली डिव्हाइस’ अशी यादी असते. तुमचं व्हॉट्सॲप तुमच्या फोनशिवाय आणखी चार ठिकाणी उघडता येतं, त्यासाठी कुणाला दोन मिनिटं तुमचा फोन हातात मिळाला तरी पुरतं. ती यादी अधूनमधून उघडून बघत जा.

पण एक सांभाळा. घरात कुणी मुद्दाम नजर ठेवतंय असं वाटत असेल, मारहाण किंवा धाक असेल, तर रागाच्या भरात एकदम खातं काढू नका. समोरच्याला ते लगेच कळतं. आधी विश्वासाच्या बाईशी बोला, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा, आणि तोही शक्यतो दुसऱ्या फोनवरून. फोटोवरून कुणी धमकावत असेल किंवा पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० हा सायबर मदतीचा नंबर आहे. त्या वहिनीचं आम्ही घाई न करता केलं. आधी तिच्या स्वतःच्या नंबरावर नवं खातं काढलं. मग तिनंच दिरांना सांगितलं, भाऊजी, तुमचं खातं माझ्या फोनवर राहिलंय, तुमचे फोटो मला दिसतात, काढून घ्या. असं म्हटल्यावर त्यांनीच लगबगीनं काढलं.

आधार, पॅन अशा कागदांचे फोटो फोनमध्ये भरून ठेवण्यापेक्षा सरकारचं डिजिलॉकर वापरा. २०१५ पासून आहे. तिथं कागद थेट देणाऱ्या खात्याकडूनच येतो, कायद्यानं तो मुळाइतकाच चालतो, आणि फोन बदलला तरी परत मिळतो. मात्र आधारला आपलाच नंबर जोडलेला हवा.

आता आमच्या गटात काय करतो ते सांगते. वहीच्या पानाचा फोटो काकी काढतात, तसाच अध्यक्षांच्या फोनवरही काढतो. दोन फोन, दोन वेगळी खाती. म्हणजे दोन विहिरी. दर तीन महिन्यांनी त्या पानांची झेरॉक्स काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत अध्यक्षांच्या घरी ठेवतो, पानाला दोन रुपये लागतात. आणि पैसे भरले की पासबुकावर तिथल्या तिथं नोंद, सही, मगच उठायचं. फोटो हटवायचे झाले तर काकी मला विचारत नाहीत, आधी दुसऱ्या फोनवर ते आहेत का ते बघतात. बरोबरच आहे त्यांचं.

राहिला प्रश्न त्या बाराशे रुपयांचा. गटानं शेवटी ते भरले असं धरलं आणि वहीत तसं लिहिलं. पण जिनं भरले म्हणून सांगितलं ती म्हणाली, मला सूट नको होती, माझं खरं आहे एवढं लिहा. तसं लिहायला कुणाकडं पुरावा नव्हता. ती अजून बैठकीला येते, हप्ता भरते, आणि पासबुकावर सही झाल्याशिवाय पैसे हातातून सोडत नाही.

पुढच्या गुरुवारी मी याच वेळी येईन. तोवर आपल्या फोनमधल्या खात्याचं नाव तेवढं बघून ठेवा, तिथूनच सुरू करू. नमस्कार.